जड कणांची वाट शोधणारा शास्त्रज्ञ : होमी भाभा

देवळाली कॅम्पच्या लॅम रोडवरून सकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या शरीरातून दर मिनिटाला हजारो अदृश्य कण आरपार जात असतात. उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन तरी जातातच. बराकीचे पत्रे, जुन्या बंगल्यांच्या दगडी भिंती, स्टेशनावरचा पूल यांपैकी कशानेही ते अडत नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरण हवेतील अणुकेंद्रांवर आदळतात, त्या टकरीतून हे कण जन्मतात आणि जमिनीत खोलवर जाऊन थांबतात. आज त्यांना म्युऑन म्हणतात. १९३७ पर्यंत ते नेमके काय आहेत हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. हे कण इलेक्ट्रॉनपेक्षा जड असले पाहिजेत आणि जड असल्यामुळेच ते इतके खोल जातात, हे गणिताच्या आधारे मांडणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत मुंबईचा एक पारशी तरुण होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

देशाचे तोफखाना विद्यालय याच देवळालीत आहे. एकाच आकाराचे दोन गोळे सारख्याच वेगाने सोडले, तर जड गोळा दूर जातो आणि हलका हवेत लवकर मंदावतो, हे तेथे शिकणाऱ्या जवानाला सांगावे लागत नाही. अतिवेगवान कणांच्या जगातही जडपणा असाच कामी येतो, मात्र त्यामागचे कारण वेगळे असते. त्या कारणाचा शोध हा भाभांच्या वैज्ञानिक आयुष्याचा गाभा आहे. अणुऊर्जेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असते, पण या कामाचा तेथे क्वचितच उल्लेख होतो.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते, आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते आणि आत्या मेहेरबाई सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या आणि टाटांच्या उद्योगाची चर्चा रोजचीच होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा शिक्षणाचा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरचा बेत होता.

तो बेत फार दिवस टिकला नाही. केंब्रिजमध्ये त्या काळी डिरॅक शिकवत होते, रदरफर्ड यांची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा अणूच्या अंतरंगात शिरत होती आणि पुंजयांत्रिकी अवघ्या काही वर्षांची होती. कारखान्यातील यंत्रांत आपले मन रमणार नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे, असे पत्र मुलाने वडिलांना धाडले. वडिलांनी नकार दिला नाही, पण एक अट घातली. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण व्हावी, म्हणजे पुढे गणित शिकण्याचा खर्च घरून मिळेल. होमींनी १९३० मध्ये अभियांत्रिकीत आणि १९३२ मध्ये गणितात प्रथम श्रेणी मिळवली. अभियांत्रिकीची ती वर्षे वाया गेली असे मात्र म्हणता येत नाही. पुढे अणुभट्ट्या उभारताना या सिद्धांतकाराला नकाशे आणि यंत्रे वाचता येत होती, ही गोष्ट अनेकदा उपयोगी पडली.

विश्वकिरणांच्या शोषणावरचा त्यांचा पहिला निबंध १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली, तर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतील, याचे गणित त्यांनी मांडले. पॉझिट्रॉनचा शोध लागून तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गणित आज जगभर भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवणारे यंत्र चालू होते. त्यात किती टकरी झाल्या हे मोजण्यासाठी हेच गणित वापरले जाई. पाठ्यपुस्तकात भारतीय नाव रूढ होण्याचा मान फार थोड्यांना मिळाला आहे.

भाभांचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र त्यानंतर झाले. विश्वकिरणांनी त्या काळी शास्त्रज्ञांना दोन कोडी घातली होती. पहिले कोडे कणवर्षावाचे होते. शिशाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या उपकरणात कधी कधी एकदम डझनावारी कण उमटत आणि एका कणाच्या मागून हा घोळका कोठून येतो, हे समजत नसे. दुसरे कोडे याच्या अगदी उलट होते. काही कण कित्येक सेंटिमीटर जाडीच्या शिशातून एकटेच, शांतपणे, काहीही न घडवता पार होत.

हिटलरच्या जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेले वाल्टर हाइटलर यांच्याबरोबर भाभांनी पहिले कोडे सोडवले. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना त्याची वाट वाकते. या वळणावर तो आपल्या ऊर्जेचा मोठा भाग प्रकाशकणाच्या रूपात फेकून देतो. हा प्रकाशकण पुढच्या अणुकेंद्राजवळ गेला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण होते. ही दोघे पुन्हा प्रकाशकण फेकतात, त्यांतून पुन्हा जोड्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असा हिशेब ऊर्जा संपेपर्यंत चालतो. शिशात यातील एका टप्प्याला सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडी पुरते. संपूर्ण वातावरणाची जाडी अशा अठ्ठावीसेक टप्प्यांएवढी भरते. भाभा आणि हाइटलर यांचा हा निबंध १९३७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला होता.

या उत्तरामुळे दुसरे कोडे अधिकच अवघड झाले. इलेक्ट्रॉन इतक्या लवकर ऊर्जा गमावत असेल, तर जमिनीवर पोचून वर शिसेही भेदणारे कण इलेक्ट्रॉन असूच शकत नाहीत. अतिउच्च ऊर्जेला पुंजसिद्धांतच लागू पडत नसावा, अशी शंका त्या काळी अनेक नामांकित शास्त्रज्ञांना वाटत होती. सिद्धांत मोडीत काढणे सोपे होते. भाभांनी सिद्धांतावर विश्वास ठेवला आणि कणावर शंका घेतली. वळणावर प्रकाश फेकण्याचे प्रमाण कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त असते. कण इलेक्ट्रॉनच्या दोनशे पट जड असेल, तर हे प्रमाण चाळीस हजार पटींनी घटते. असा कण अणुकेंद्रांच्या गर्दीतून फारशी ऊर्जा न गमावता निघून जातो आणि त्याच्या मागे वर्षावही उमटत नाही. म्हणजे जडपणामुळे प्रकाश दबतो आणि प्रकाश दबल्यामुळे कण दूर जातो. भेदक किरणांत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या दरम्यानच्या वस्तुमानाचा नवा कण असला पाहिजे, असे भाभांनी १९३८ मध्ये साधार मांडले. अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर, तसेच स्ट्रीट आणि स्टीव्हन्सन यांना १९३७ मध्ये प्रयोगांतून अशा कणाच्या खुणा मिळाल्या होत्या.

जपानच्या युकावा यांनी अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलासाठी जो कण कल्पिला होता, तोच हा असावा असे तेव्हा सर्वांना वाटले, भाभांनाही वाटले. ही समजूत पुढे चुकीची ठरली. १९४७ मध्ये पॉवेल यांच्या गटाला युकावांचा खरा कण सापडला आणि वातावरणातून खाली येणारा म्युऑन हा त्याच्यापासून निर्माण होणारा वेगळाच कण असल्याचे स्पष्ट झाले. १९३८ च्याच एका टिपणात भाभांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र तंतोतंत खरी ठरली. हा कण अस्थिर असेल, तर प्रचंड वेगामुळे सापेक्षता सिद्धांतानुसार त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल, असे त्यांनी सुचवले होते. म्युऑनचे स्वतःचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे बावीस दशलक्षांश दशांशाइतके, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटरच जातो. तरीही कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन देवळालीच्या रस्त्यावर पोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचे घड्याळ मंद चालते. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी डोंगरावर आणि पायथ्याशी मोजणी करून हे पडताळून पाहिले.

या कणाच्या नावाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याला मेसोट्रॉन म्हणायला सुरुवात केली होती. ग्रीक भाषेतील मधला या अर्थाच्या शब्दात ट्र हे अक्षर नाही, ते इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांच्या मूळ धातूंत आहे, म्हणून नाव मेसॉन असावे, अशी सूचना भाभांनी १९३९ मध्ये केली. हे नाव टिकले. गंमत अशी की, ज्या कणासाठी हे बारसे झाले तो म्युऑन आजच्या व्याख्येप्रमाणे मेसॉनच नाही.

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाला. युद्ध झाले नसते तर ते कदाचित युरोपातच राहिले असते, असे त्यांच्या तोवरच्या आयुष्याकडे पाहून वाटते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना जागा दिली आणि दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने विश्वकिरण संशोधनाचा छोटा विभाग सुरू झाला. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी नागपूरला विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची ओळख करून देताना त्यांची तुलना लिओनार्दो दा व्हिंचीशी केली. रामन सहजासहजी कोणाची स्तुती करीत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे या तुलनेचे वजन कळते.

बंगळुरूमध्ये हरीशचंद्र हा तरुण गणिती त्यांच्याबरोबर काम करीत होता आणि विक्रम साराभाईही तेथेच होते. युद्धाच्या शेवटच्या काळात अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून उपकरणे उंच नेऊन भेदक कणांची मोजणी झाली. सिद्धांतात रमणारा माणूस आता गणकनळ्या, तारा आणि फुगे यांत गुंतला होता. याच काळात परदेशी परतण्याचा विचार मागे पडला.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सोराब सकलातवाला यांना एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची जागतिक दर्जाची संस्था देशात नाही, ती उभारली तर एक-दोन दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागणार नाही, असा या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता. ट्रस्टने होकार दिला. १ जून १९४५ रोजी बंगळुरूत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू झाले आणि डिसेंबरात संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. हा बंगला भाभांच्या आत्याचा होता. पुढे गेटवेजवळची जुनी यॉट क्लबची इमारत आणि १९६२ पासून कुलाब्याच्या टोकावरची आजची वास्तू असा संस्थेचा प्रवास झाला. या वास्तूच्या भिंती, बाग, चित्रे यांत भाभांनी जातीने लक्ष घातले. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र तेथे आहे. बांधकामाच्या आड आलेली झाडे तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. ते स्वतः चांगले चित्रकार होते, आणि त्यांनी लग्न केले नाही.

संस्थेच्या सुरुवातीच्या वर्षांत विश्वकिरण हाच तिच्या प्रयोगांचा कणा होता. मोठे त्वरक विकत घेण्याइतका पैसा गरीब देशाकडे नव्हता, पण निसर्गाने उच्च ऊर्जेचे कण फुकट पाठवले होते आणि ते पकडायला खाणी, डोंगर आणि आकाश मोकळे होते. भाभांचा हा हिशेब अत्यंत व्यवहारी होता. हैदराबादहून फुगे उडाले, उटीला प्रयोगशाळा झाली आणि कोलार सोन्याच्या खाणीत उपकरणे उतरली. जड कण किती खोल जातो या जुन्या प्रश्नाचे उत्तर तेथे प्रत्यक्ष मोजले गेले. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. टाटा संस्था, जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांचा हा संयुक्त प्रयोग होता. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही असाच शोध लागला.

मात्र भाभांच्या स्वतःच्या हातून गणित सुटत चालले होते. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याचे केंद्र आले, ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी (सोव्हिएत संघ वगळता) सुरू झाली, नंतर सायरस आणि झर्लिना आल्या. १९६३ मध्ये तारापूरच्या प्रकल्पासाठी अमेरिकेशी करार झाला. पंडित नेहरूंशी त्यांचा थेट स्नेह होता आणि त्यामुळे मधल्या सचिवांच्या फायली त्यांना अडवू शकत नसत. पन्नाशी ओलांडण्याच्या आत ते देशातील सर्वांत प्रभावी वैज्ञानिक झाले होते, पण केंब्रिज आणि बंगळुरूच्या तोडीचे संशोधन त्यानंतर त्यांच्या नावावर झाले नाही. देशाला अणुऊर्जा मिळाली त्याची ही किंमत होती. ती रास्त होती की नव्हती, यावर वैज्ञानिकांत आजही एकमत नाही.

त्यांना विरोधही झाला, आणि तो किरकोळ माणसांकडून नव्हता. मेघनाद साहा यांना अणुसंशोधनाची सूत्रे अशी एका हाती जाणे पसंत नव्हते. विद्यापीठांना डावलून स्वतंत्र, श्रीमंत संस्था उभ्या केल्याने विद्यापीठे कोरडी पडतील, ही त्यांची भीती होती. १९५४ मध्ये लोकसभेत त्यांनी हा विषय लावून धरला. आज विद्यापीठांतील प्रयोगशाळांची अवस्था पाहिली, तर साहा पूर्णपणे चुकले असे म्हणवत नाही. दुसरा वाद घरातलाच होता. गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनीच संस्थेत आणले होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते मुंबईला ये-जा करीत. अणुऊर्जेऐवजी भारताने सूर्याच्या उष्णतेकडे वळावे, हे कोसंबींचे मत दोघांमधले अंतर वाढवत गेले आणि १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. माणसे हेरून त्यांच्याभोवती संस्था बांधणे हे भाभांचे तत्त्व होते, आणि कोसंबींच्या बाबतीत ते अपुरे पडले.

भाकितांतही ते नेहमी अचूक नव्हते. १९५५ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या अणूच्या शांततामय उपयोगाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. वीस वर्षांत अणुसंमीलनावर ताबा मिळेल, असे त्यांनी तेथे सांगितले. ती मुदत १९७५ मध्येच संपली आणि संमीलनाची वीज अजून घरात आलेली नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले छप्पन वर्षांचे भाभा होते. विमानातील एक दिशादर्शक यंत्र बिघडले होते आणि शिखर मागे पडले अशी वैमानिकाची गैरसमजूत झाली, असा निष्कर्ष फ्रेंच चौकशीत निघाला. घातपाताच्या कथा त्यानंतर वारंवार छापून आल्या, पण त्यांना विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. वर्षभराने तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. मलबार हिलवरचा त्यांचा मेहरांगीर बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकला गेला. तो स्मारक म्हणून जपावा, अशी तुर्भ्याच्या कर्मचाऱ्यांची मागणी होती. २०१६ मध्ये तो पाडण्यात आला.

त्यांनी हाताळलेला प्रश्न मात्र संपला नाही. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००० पासून आणि सर्नमध्ये २०१० पासून सोने किंवा शिसे यांची अणुकेंद्रे प्रचंड ऊर्जेने एकमेकांवर आदळवली जाऊ लागली. या टकरीत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळून क्वार्क आणि ग्लुऑन यांचा अतितप्त रस क्षणभर तयार होतो. त्यातून जाणारा वेगवान क्वार्क ऊर्जा गमावतो, आणि अपेक्षेपेक्षा फार कमी उच्च-ऊर्जा कण बाहेर पडतात. येथे इलेक्ट्रॉनच्या जागी क्वार्क आणि प्रकाशकणाच्या जागी ग्लुऑन ठेवला, की १९३७ चे चित्र ओळखीचे वाटू लागते. जड क्वार्क कमी ग्लुऑन फेकेल, विशेषतः आपल्या वाटेच्या जवळच्या कोनात जवळपास काहीच फेकणार नाही, म्हणून त्याच्यापासून बनलेले कण कमी दबले जातील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात २००५ नंतर ब्रुकहेवनमध्ये जड क्वार्कही हलक्यांइतकेच दबलेले दिसले आणि सिद्धांतकार चक्रावले. केवळ ग्लुऑन फेकून नव्हे, तर त्या रसातील कणांशी धडका घेऊनही ऊर्जा जाते, हे मग हिशेबात आले. पुढे सर्नच्या मोजणीत अधिक जड अशा बॉटम क्वार्कचे कण चार्मच्या कणांपेक्षा कमी दबलेले आढळले. सर्नच्या ॲलिस प्रयोगाने २०२२ मध्ये प्रोटॉनच्या टकरींत चार्म क्वार्कभोवतीचा तो रिकामा कोन प्रथमच थेट दाखवला.

ॲलिसमध्ये कोलकात्याच्या संस्थांबरोबर पवईच्या आयआयटीचे संशोधक आहेत. तेथल्याच सीएमएस प्रयोगात कुलाब्याच्या टाटा संस्थेने आणि तुर्भ्याच्या भाभा केंद्राने शोधकाचे भाग बांधले आहेत. त्या शोधकांत इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजण्यासाठी जड स्फटिकांचे थर असतात. आत शिरलेला इलेक्ट्रॉन त्यांत कणांचा वर्षाव घडवून संपतो, म्युऑन मात्र सर्व थर पार करून सर्वांत बाहेरच्या कक्षांत नोंदला जातो. सर्नच्या आवारातून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, माँ ब्लाँचे शिखर दिसते.